एकच लन दोन सर्व्हरवर माउंट करायचं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कारखान्यात रॉकी लिनक्स ९ वर चालणारे दोन सर्व्हर आहेत आणि मागे दोन कंट्रोलरचा एक फायबर चॅनेल स्टोरेज बॉक्स. त्यातून २ टीबीचं एक लन, म्हणजे बॉक्सने कापून दिलेली एक आभासी डिस्क, काढून दोन्ही सर्व्हरना दिलं आहे. त्यावर एलव्हीएम (डिस्कची जागा वाटणारा लिनक्सचा थर), एलव्हीएमवर एक्सएफएस ही फाइलसिस्टीम, आणि दोन्हीकडच्या एफएसटॅबमध्ये, म्हणजे बूट होताना काय माउंट करायचं त्या यादीत, माउंटची तीच ओळ. समोर दोघांत काम वाटणारा लोड बॅलन्सर. डिझाइन विभागातली मंडळी ड्रॉइंगच्या पीडीएफ अपलोड करतात. एका सर्व्हरवर पडलेली फाइल दुसऱ्यावर दिसत नाही, अनमाउंट करून परत माउंट केलं की दिसते. नंतर 'स्ट्रक्चर नीड्स क्लीनिंग' असा एरर आला, एक्सएफएस-रिपेअर हे दुरुस्तीचं टूल चालवलं, आणि बऱ्याच फाइली लॉस्ट-अँड-फाउंडमध्ये नाव हरवून पडल्या. स्टोरेज बसवणाऱ्या इंजिनिअरने सांगितलं होतं, 'लन शेअर्ड आहे, दोन्हीकडे माउंट करा.' आता तुम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत: फाइल दुसरीकडे लगेच दिसेल असा माउंट ऑप्शन कोणता, एक्सएफएसऐवजी ईएक्सटी४ घेतली तर प्रश्न सुटेल का, आणि २ चे ३ टीबी करताना काम बंद ठेवावं लागेल का.

असा माउंट ऑप्शन नाही. आणि अजून दोन्हीकडे माउंट चालू असेल तर हे वाचणं थांबवा, ॲप्लिकेशन बंद करा, दोन्हीकडून अनमाउंट करा आणि मग पुढे वाचा. प्रत्येक मिनिटाला नुकसान वाढतं आहे.

इंजिनिअर चुकीचं बोलला असं नाही, त्याने त्याच्यापुरतं सांगितलं. स्टोरेज बॉक्सच्या दृष्टीने लन म्हणजे ब्लॉकची एक लांब ओळ. अमुक ब्लॉक दे, तमुक ब्लॉक लिही, एवढंच त्याला कळतं. दोन सर्व्हरनी मागितलं तर तो दोघांना देतो. फाइल, डिरेक्टरी, मोकळी जागा हे सगळं सर्व्हरच्या मेमरीत बसलेल्या फाइलसिस्टीमला माहीत असतं, आणि एक्सएफएस असं धरून चालते की या डिस्कवर माझ्याशिवाय कोणी लिहीत नाही. ओरॅकल आरएसी या क्लस्टर डेटाबेसचे एएसएम डिस्क किंवा व्हीएमवेअरचा व्हीएमएफएस डेटास्टोअर एकच लन अनेक सर्व्हरवर बिनधास्त वापरतात, कारण कोणी कुठे लिहायचं याचा हिशेब ते आपसात ठेवतात. तुमच्याकडे तो हिशेब ठेवणारं कोणीच नाही. एकाच खतावणीवर दोन कारकून बसवले, दोघांनी सकाळी पानं पाठ केली, आणि दिवसभर एकमेकांशी न बोलता पाठ केलेल्यावरून नोंदी करत राहिले, तसं चाललं आहे.

नेमकं काय होतं ते जरा जवळून बघू, म्हणजे पुढचे 'जुगाड' का चालत नाहीत हे कळेल. पहिला सर्व्हर माउंट करून लिहायला लागला की त्याची जर्नल, म्हणजे एक्सएफएसची लॉग, डिस्कवर 'अपूर्ण' अवस्थेत असते. ते साहजिक आहे, तो चालू आहे. आता दुसरा सर्व्हर माउंट करायला येतो. त्याला ती अपूर्ण लॉग दिसते. त्याची समजूत होते की मागच्या वेळी मशीन अचानक बंद पडलं असावं. मग तो ती लॉग स्वतः डिस्कवर रीप्ले करतो. म्हणजे पहिला सर्व्हर जिवंत असताना त्याचंच अर्धं काम दुसऱ्याने परस्पर उरकलं. पहिली फाइल अपलोड व्हायच्या आधी, नुसत्या माउंटवर, बिघाडाला सुरुवात झालेली असते.

पुढे दोघेही मोकळ्या जागेचा नकाशा आपापल्या मेमरीत धरून बसतात. पहिल्याला वाटतं अमुक ब्लॉक मोकळा आहे, तो तिथे एक ड्रॉइंग लिहितो. दुसऱ्यालाही तोच ब्लॉक मोकळा दिसतो, तो तिथे दुसरं ड्रॉइंग लिहितो. कोणालाही एरर येत नाही. एरर येतो तो फार नंतर, जेव्हा एखाद्याला डिस्कवरून वाचलेला मेटाडेटा (फाइली कुठे आहेत याच्या नोंदी) आणि त्याचा चेकसम (पडताळणीचा आकडा) जुळत नाही. तुमचा 'स्ट्रक्चर नीड्स क्लीनिंग' तो हाच.

म्हणून 'सिंक' ऑप्शन दिला तरी उपयोग नाही. त्याने पहिल्याचं लिखाण लगेच डिस्कवर जाईल, पण दुसऱ्याने आपल्या मेमरीतलं जुनं पान टाकून नवीन वाचावं असं त्याला कोण सांगणार? दर मिनिटाला मेमरीतली कॅश रिकामी करणारी क्रॉन, म्हणजे वेळेवर आपोआप चालणारी कमांड, लावलेले लोकही मी बघितले आहेत. फाइल दिसायला लागते, म्हणून त्यांना वाटतं जमलं. एकाच ब्लॉकवर दोघांनी लिहिण्याचा धोका मात्र तसाच राहतो, उलट लक्षण झाकल्यामुळे तो उशिरा कळतो. तिसरी हमखास सूचना म्हणजे दुसरीकडे रीड-ओन्ली माउंट करायची. एक्सएफएस रीड-ओन्ली माउंट करतानाही लॉग रीप्ले करते, म्हणजे डिस्कवर लिहितेच. 'नोरिकव्हरी' दिलं तर लिहिणार नाही, पण मग समोर दिसणारं चित्र अर्धवट असेल आणि पहिल्याने काही हलवलं की वाचताना एरर येत राहतील.

हाच प्रकार एलव्हीएमच्या पातळीवरही होतो, आणि त्याकडे कोणी बघत नाही. एलव्हीएमचं साधं लॉकिंग त्या एका सर्व्हरपुरतं असतं. पहिल्यावर लॉजिकल व्हॉल्यूम, म्हणजे एलव्हीएमने फाइलसिस्टीमला दिलेला जागेचा तुकडा, वाढवलं तर डिस्कवरचा मेटाडेटा बदलतो, पण दुसऱ्यावर आधीच ॲक्टिव्ह असलेला व्हॉल्यूम जुन्याच मापाने चालत राहतो. दोन्हीकडून वेगवेगळे बदल केलेत तर कोणाचा मेटाडेटा उरेल हे नशिबावर.

आता आधी जे बिघडलं आहे त्याचं बघू, नवीन मांडणी नंतर.

दोन्हीकडून अनमाउंट झाल्यावर व्हॉल्यूम ग्रुप, म्हणजे एलव्हीएमने एकत्र बांधलेला डिस्कचा गट, डीॲक्टिव्हेट करा आणि स्टोरेज बॉक्सवर जाऊन दुसऱ्या सर्व्हरचं मॅपिंग काढून टाका. सर्व्हरवर 'आता माउंट करायचं नाही' असं ठरवणं पुरेसं नाही, रात्री कोणीतरी रीबूट करतं आणि एफएसटॅब आपलं काम करतो. मग लनचा स्नॅपशॉट किंवा जमल्यास पूर्ण क्लोन घ्या, आणि दुरुस्ती त्या क्लोनवर करा. क्लोन वेगळ्या सर्व्हरला दिलात तर उत्तम. त्याच सर्व्हरला दिलात तर एलव्हीएम सारख्या ओळखीचे दोन पीव्ही, म्हणजे एलव्हीएमच्या ताब्यातल्या डिस्क, दिसतात म्हणून तक्रार करेल, त्यासाठी व्हीजीइम्पोर्टक्लोन ही कमांड आहे. एक्सएफएसही तोच यूयूआयडी, म्हणजे फाइलसिस्टीमची ओळख, दुसऱ्यांदा माउंट करू देत नाही, तिथे 'नोयूयूआयडी' द्यावा लागतो.

एक्सएफएस-रिपेअर आधी 'एन' पर्यायाने चालवा, म्हणजे ते काहीही न बदलता काय काय मोडलं आहे ते सांगेल. लॉग अपूर्ण असेल तर ते म्हणेल की आधी माउंट करून लॉग रीप्ले होऊ द्या. एरवी हा सल्ला बरोबर असतो. तुमच्या बाबतीत त्या लॉगमध्ये दोन सर्व्हरचं लिखाण मिसळलेलं असू शकतं, म्हणून ते मूळ लनवर कधीच करू नका, क्लोनवर करून बघा. लॉग पुसणारा मोठा 'एल' हा अगदी शेवटचा उपाय.

आणि रिपेअर यशस्वी झालं म्हणजे फाइली शाबूत आहेत असं धरू नका. एक्सएफएसचे चेकसम मेटाडेटाचे असतात, फाइलच्या आतल्या मजकुराचे नसतात. एका ड्रॉइंगच्या नावाखाली दुसऱ्याच ड्रॉइंगचा तुकडा असणं सहज शक्य आहे, आणि कुठलंही रिपेअर टूल ते पकडणार नाही. ॲप्लिकेशनच्या डेटाबेसमध्ये फाइलची साइज किंवा हॅश ठेवलेली असेल तर त्यावरून सगळ्या फाइली ताडून बघा. नसेल तर दोन्हीकडे माउंट सुरू केल्याच्या तारखेआधीचा बॅकअप प्रमाण माना आणि नंतरच्या फाइली अपलोड करणाऱ्यांकडून परत मागवा. चुकीच्या मापाचं ड्रॉइंग शॉप फ्लोअरवर जाणं हे फाइल हरवण्यापेक्षा महागात पडतं. इथे मी तरी तडजोड करणार नाही.

आता मांडणी. इथे 'परिस्थितीवर अवलंबून' हे खरंच लागू होतं, पण ते दोनच प्रश्नांवर अवलंबून आहे. तुम्हाला एक सर्व्हर पडला तर दुसऱ्याने काम उचलायला हवं आहे, की दोन्ही सर्व्हरनी एकाच वेळी त्याच फाइलींवर काम करायला हवं आहे? आणि एक-दोन मिनिटं बंद राहिलं तर खरोखर काय अडतं? शेअर्ड डिस्क मागणाऱ्या बहुतेकांना पहिली गोष्ट हवी असते, आणि लोड बॅलन्सर आधीच विकत घेतलेला असतो म्हणून ते दुसरीच्या मागे लागतात.

तुमच्या वर्णनावरून माझी शिफारस ॲक्टिव्ह-पॅसिव्हची आहे. लन दोन्हीकडे दिसेल, पण एका वेळी एकाच सर्व्हरवर ॲक्टिव्ह आणि माउंट असेल, आणि ते कुठे असावं हे माणूस किंवा एफएसटॅब ठरवणार नाही, पेसमेकर हे क्लस्टरचं सॉफ्टवेअर ठरवेल. रॉकीवर हायअव्हेलेबिलिटी नावाची रेपो आधी चालू करावी लागते, ती मुळात बंद असते. मग व्हॉल्यूम ग्रुप, फाइलसिस्टीम, फिरता आयपी आणि ॲप्लिकेशन असे चार रिसोर्स याच क्रमाने एका ग्रुपमध्ये बांधा. चालू होताना वरून खाली, बंद होताना खालून वर. लोड बॅलन्सरला तो एक आयपी द्या किंवा सरळ काढून टाका.

इथे एलव्हीएमचा सिस्टीम आयडी वापरा. एलव्हीएमच्या कॉन्फिगमध्ये सिस्टीम आयडीचा स्रोत 'यूनेम' ठेवला की प्रत्येक सर्व्हरचं होस्टनेम हीच त्याची ओळख होते, आणि व्हॉल्यूम ग्रुपवर मालकाची ओळख लिहिली जाते. दुसरा सर्व्हर तो ग्रुप बघू शकतो, पण ॲक्टिव्ह करू शकत नाही की बदलू शकत नाही. फेलओव्हरच्या वेळी, म्हणजे काम दुसऱ्या सर्व्हरवर जाताना, पेसमेकरचा एजंट मालक बदलतो. त्याबरोबर त्या ग्रुपचं ऑटोॲक्टिव्हेशन बंद करा, नाहीतर रीबूटनंतर सिस्टीमडी (लिनक्समध्ये सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) आणि पेसमेकर यांच्यात शर्यत लागते. दोन्हीकडच्या एफएसटॅबमधली ओळ काढा. कॉमेंट करून ठेवू नका, काढाच. कॉमेंट काढणारा कोणीतरी भेटतोच. आणि क्लस्टर उभा राहिल्यावर होस्टनेम बदलायचं नाही, ते आता नुसतं नाव उरलेलं नाही. हे कुंपण एलव्हीएमपुरतं आहे, हेही लक्षात असू द्या. मल्टिपाथच्या, म्हणजे लनकडे जाणारे अनेक पाथ एकत्र करणाऱ्या थराच्या, कच्च्या डिव्हाइसवर कोणी एमकेएफएस (नवीन फाइलसिस्टीम बनवणारी कमांड) चालवलं तर सिस्टीम आयडी त्याला अडवणार नाही.

या मांडणीत नवीन माणूस हमखास एका ठिकाणी अडकतो. पहिल्या सर्व्हरवर व्हॉल्यूम ग्रुप बनवला, सगळं नीट, आणि दुसऱ्यावर पीव्हीएस ही पीव्हींची यादी दाखवणारी कमांड चालवली तर रिकामं. लन दिसतं, मल्टिपाथ दिसतं, पण एलव्हीएमला काही दिसत नाही. झोनिंग, म्हणजे फायबर चॅनेल स्विचवर कोणी कोणाला बघायचं याची मांडणी, तपासण्यात अख्खा दिवस जातो. कारण असं की रॉकीच्या ९ व्या आवृत्तीपासून एलव्हीएम मुळातच एक डिव्हाइस फाइल वापरतं, आणि त्या यादीत नसलेल्या डिस्ककडे बघतच नाही. पहिल्यावर पीव्ही बनवताना डिस्क आपोआप यादीत गेली, दुसऱ्यावर ती कोणी घातलेली नाही. दुसऱ्यावर एलव्हीएमडिव्हाइसेसने ती डिस्क जोडा किंवा व्हीजीइम्पोर्टडिव्हाइसेस चालवा, लगेच दिसेल.

नावांचंही असंच. एसडीबी, एसडीसी ही नावं रीबूटनंतर बदलतात हे तुम्हाला माहीत असेल. पण एमपाथए, एमपाथबी ही मल्टिपाथची नावंसुद्धा दोन सर्व्हरवर सारखी असतीलच असं नाही, कारण ती प्रत्येक सर्व्हर आपल्या क्रमाने वाटतो. खरी ओळख डब्ल्यूडब्ल्यूआयडी, म्हणजे लनचा कायमचा ओळख क्रमांक. मल्टिपाथच्या आउटपुटमध्ये जो लांबलचक आकडा ३६ ने सुरू होतो, त्यातला पहिला ३ हा ओळखीचा प्रकार सांगतो, आणि तो सोडून उरलेला भाग बहुतेक बॉक्सवर व्हॉल्यूमच्या माहितीत जसाच्या तसा सापडतो. तो जुळवा, मग मल्टिपाथच्या कॉन्फिगमध्ये त्या आयडीला एक अर्थपूर्ण टोपणनाव द्या, आणि तीच ओळ दोन्ही सर्व्हरवर ठेवा. रात्री दोन वाजता 'ड्रॉइंग_डेटा' हे नाव एमपाथसीपेक्षा बरं वाटतं. तिथेच 'नो-पाथ-रिट्राय' हा पर्यायही बघा. तो 'क्यू' असेल तर सगळे पाथ गेल्यावर लिखाण अनंतकाळ वाट बघत राहतं, एरर वर येतच नाही, आणि फाइलसिस्टीम गेली हे पेसमेकरला वेळेवर कळत नाही. क्लस्टरमध्ये तिथे मर्यादित आकडा हवा.

आता फेन्सिंग, म्हणजे संशयित सर्व्हरला डिस्कपासून तोडणं; पेसमेकरमध्ये त्यालाच स्टोनिथ म्हणतात. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इंटरनेटवरच्या निम्म्या ट्युटोरियलमध्ये पहिल्याच पानावर 'स्टोनिथ बंद करा' असं लिहिलेलं असतं आणि लोक ते प्रॉडक्शनमध्ये तसंच उतरवतात. दोन सर्व्हरमधली क्लस्टरची केबल निघाली असं समजा. दोघेही जिवंत आहेत, दोघांनाही लन दिसतं आहे, दोघांनाही वाटतं दुसरा मेला. फेन्सिंग नसेल तर दुसरा मालकी स्वतःकडे घेऊन माउंट करतो, पहिल्यावर ते आधीच माउंट आहे, आणि तुम्ही आज जिथे आहात तिथेच परत येता. फरक इतकाच की या वेळी ते क्लस्टरने केलेलं असेल. फेन्सिंग म्हणजे 'तो मेला असावा' या अंदाजावर न जाता, तो आता लिहू शकत नाही याची खात्री करून मगच माउंट करणं.

दोन मार्ग आहेत. एक, सर्व्हरच्या मॅनेजमेंट पोर्टवरून, म्हणजे आयएलओ किंवा आयड्रॅकमधून, त्याची वीज तोडायची. सोपं आहे, पण एक खोच आहे: त्या सर्व्हरची वीजच गेली तर त्याचा मॅनेजमेंट पोर्टही गेलेला असतो. मग फेन्सिंगला उत्तर मिळत नाही, आणि दुसरा सर्व्हर खात्री झाल्याशिवाय काम उचलायला तयार होत नाही. म्हणून दुसरी पातळी हवी. ती एससीएसआय-३ पर्सिस्टंट रिझर्व्हेशनची. यात प्रत्येक सर्व्हर लनवर आपली किल्ली नोंदवतो, आणि फेन्स करायचं झालं की दुसरा सर्व्हर त्याची किल्ली उडवतो. त्यानंतर स्टोरेज बॉक्स स्वतःच त्याचं लिखाण नाकारतो. तो सर्व्हर चालूच राहतो, फक्त लिहू शकत नाही, आणि परत क्लस्टरमध्ये येण्यासाठी त्याला रीबूट लागतो. तुमचा बॉक्स हे मानतो का ते आधी एसजी-पर्सिस्टने तपासा, माहितीपत्रकावर विसंबू नका. मल्टिपाथ असल्याने फेन्स-एमपाथ हा एजंट बघा, त्यासाठी प्रत्येक सर्व्हरच्या मल्टिपाथ कॉन्फिगमध्ये वेगळी रिझर्व्हेशन की लागते.

दोन नोडच्या क्लस्टरला बहुमत नावाची गोष्ट नसते. म्हणून कोरोसिंकमध्ये, म्हणजे सर्व्हरना एकमेकांशी बोलवणाऱ्या क्लस्टरच्या भागात, 'टू-नोड' लावतात, त्याबरोबर 'वेट-फॉर-ऑल' आपोआप लागू होतं, म्हणजे क्लस्टर बंद अवस्थेतून सुरू होताना दोघे एकमेकांना दिसेपर्यंत कोणी काम सुरू करत नाही. केबल तुटल्यावर दोघांनी एकाच क्षणी एकमेकांना मारू नये म्हणून एका बाजूच्या फेन्सिंगला काही सेकंदांचा उशीर द्या. तिसरं कुठलंही छोटं मशीन हाताशी असेल तर त्यावर तिसरं मत देणारं क्यू-डिव्हाइस ठेवा, त्याने बरीच डोकेदुखी कमी होते.

चाचणी म्हणजे नोड स्टँडबाय करून बघणं नव्हे. त्यात फेन्सिंगला कामच पडत नाही. अपलोड चालू असताना ॲक्टिव्ह सर्व्हरची क्लस्टरची केबल उपटा. दुसऱ्या दिवशी त्याच्या दोन्ही पॉवर केबल उपटा. मग सिसआरक्यू या लिनक्सच्या सोयीने कर्नल मुद्दाम क्रॅश करून बघा. तिन्ही वेळा फाइलसिस्टीम दुसरीकडे आली आणि पहिल्यावर लिहिणं शक्य नव्हतं, तर क्लस्टर खरा.

दोन्ही सर्व्हरनी एकाच वेळी काम करायलाच हवं असेल, तर माझी पहिली पसंती एनएफएसला, म्हणजे नेटवर्कवरून फाइली देण्याच्या पद्धतीला. पीडीएफ अपलोड-डाउनलोडच्या कामाला एनएफएस पुरेसं आहे, आणि ते बिघडलं तर समजणारी माणसं सहज मिळतात. बॉक्समध्ये फाइल सर्व्हिस असेल तर तिथूनच द्या, नसेल तर लन एका वेगळ्या सर्व्हरला द्या आणि तिथून दोघांना एक्स्पोर्ट करा. दोघांपैकीच एकाला एनएफएस सर्व्हर करून त्यावर त्याचंच एक्स्पोर्ट परत माउंट करणं टाळा, मेमरी कमी पडली की असं मशीन स्वतःचीच वाट बघत अडकू शकतं. माउंट 'हार्ड' ठेवा. 'सॉफ्ट'मुळे टाइमआउट झाला की ॲप्लिकेशनला मधूनच एरर मिळतो, आणि लिहिणाऱ्या ॲप्लिकेशनने तो नीट हाताळला नाही तर अर्धवट फाइल मागे राहते.

जीएफएस२ किंवा ओसीएफएस२ या खऱ्या अर्थाने क्लस्टर फाइलसिस्टीम. दोन्हीकडे एकाच वेळी माउंट चालतं, कारण प्रत्येक फाइलसाठी डीएलएम या सर्व्हरांमधल्या लॉक-व्यवस्थेकडून लॉक घेतला जातो, आणि एलव्हीएमसाठी तसंच काम करणारा एलव्हीएमलॉकडी असतो. मला त्या आवडतात, पण मी त्या क्वचितच सुचवतो. फेन्सिंग तिथेही लागतंच, उलट एक नोड फेन्स होईपर्यंत दुसऱ्यावरचं लिखाणही थांबतं. दोन्ही सर्व्हर एकाच डिरेक्टरीत फाइली बनवत असतील तर तिचा लॉक सतत इकडून तिकडे फिरतो आणि वेग पडतो. तुमचं ॲप्लिकेशन सगळ्या पीडीएफ एकाच अपलोड फोल्डरमध्ये टाकत असेल, तर हा त्रास पहिल्या दिवसापासून होईल. शिवाय रेड हॅटने आरएचईएल १० पासून रेझिलियंट स्टोरेज ॲड-ऑन, म्हणजे जीएफएस२ चा सपोर्ट, काढून टाकला आहे. रॉकी त्याच वाटेने जाते. आज नवीन उभारताना त्यावर पैज लावायला मी तयार नाही.

ईएक्सटी४ बद्दल. तीही एका वेळी एकाच सर्व्हरसाठी आहे, त्यामुळे तुमचा मूळ प्रश्न सुटत नाही. तिच्यात एमएमपी, म्हणजे मल्टिपल माउंट प्रोटेक्शन नावाची एक सोय आहे. ती चालू केली की माउंट असलेला सर्व्हर एका ठरावीक ब्लॉकवर सतत खूण करत राहतो, आणि दुसऱ्याने माउंट करायला घेतलं की ती खूण बदलताना पाहून माउंट नाकारलं जातं. मुळात ती बंद असते, एक्सएफएसमध्ये ती नाही. ॲक्टिव्ह-पॅसिव्ह मांडणीत आणखी एक कडी म्हणून कोणी ईएक्सटी४ आणि एमएमपी वापरत असेल तर माझी हरकत नाही. फेन्सिंगची जागा मात्र ती घेत नाही. सिस्टीम आयडी आणि फेन्सिंग नीट असेल तर तेवढ्यासाठी फाइलसिस्टीम बदलायची गरज नाही.

राहिलं २ चे ३ टीबी. हे चालू कामात होतं, एक अडचण सोडून. तुमच्या लनवर पार्टिशन टेबल आहे का ते आधी बघा. पूर्ण लनच पीव्ही केलं असेल तर प्रश्न नाही. कोणी एफडिस्कने जुन्या पद्धतीचं एमबीआर पार्टिशन करून त्यावर पीव्ही केलं असेल, तर ५१२ बाइटच्या सेक्टरवर ते साधारण २ टीबीच्या पुढे जाऊच शकत नाही. मग दुसरं १ टीबीचं लन देऊन व्हॉल्यूम ग्रुपमध्ये जोडणं, किंवा नवीन मोठ्या लनवर पीव्हीमूव्हने डेटा हलवणं, असे दोन पर्याय राहतात. मी दुसरा घेईन. कारण पहिल्यात एकच फाइलसिस्टीम दोन लनवर पसरते आणि त्यानंतर बॉक्सवरचा स्नॅपशॉट दोन्ही लनचा एकाच क्षणी घ्यावा लागतो. कन्सिस्टन्सी ग्रुप करायला लोक विसरतात, आणि ते कळतं थेट रिस्टोअरच्या दिवशी.

पार्टिशन नसेल तर क्रम असा. बॉक्सवर लन वाढवा. दोन्ही सर्व्हरवर त्या लनचा प्रत्येक पाथ रीस्कॅन करा. चार पाथ असतील तर चारही. एकाने जुनं माप दाखवलं तरी मल्टिपाथ वाढायला नकार देतं. मग दोन्हीकडे मल्टिपाथडीला मॅप रिसाइझ करायला सांगा. पीव्हीरिसाइझ फक्त ॲक्टिव्ह सर्व्हरवर. शेवटी एलव्हीएक्सटेंड छोट्या 'आर' पर्यायासह, म्हणजे फाइलसिस्टीमही त्याच झटक्यात वाढेल. पॅसिव्ह सर्व्हरवरचा रीस्कॅन लोक विसरतात, आणि पुढच्या फेलओव्हरला तिथे ३ टीबीचं व्हॉल्यूम २ टीबीच्या डिस्कवर मावत नाही म्हणून ॲक्टिव्हेशन फसतं.

वाढवताना सगळी जागा एकदम फाइलसिस्टीमला देऊ नका, थोडी व्हॉल्यूम ग्रुपमध्ये मोकळी ठेवा. एक्सएफएस वाढते, पण व्यवहारात लहान करता येत नाही. दिलेली जागा परत हवी असेल तर नवीन फाइलसिस्टीम करून कॉपी करणं हाच मार्ग. आणि लन थिन, म्हणजे लिहिलं जाईल तशीच जागा घेणारं, आहे का तेही बॉक्सवर बघा. थिन असेल तर डीएफ ही मोकळी जागा दाखवणारी कमांड एक टीबी मोकळी दाखवत असताना मागचा पूल भरलेला असू शकतो, आणि तो भरला की त्या पूलवरची सगळी लन एकदम लिहिणं बंद करतात, तुमचं एकट्याचं नाही. पूलच्या वापरावर अलर्ट लावा, आणि पुसलेल्या फाइलींची जागा बॉक्सला परत मिळावी म्हणून एफएसट्रिमचा (मोकळ्या ब्लॉकची खबर बॉक्सला देणाऱ्या कमांडचा) टायमर चालू आहे ना ते ॲक्टिव्ह सर्व्हरवर तपासा.

मल्टिपाथ, एलएसबीएलके (डिस्कची यादी दाखवणारी कमांड) आणि पीव्हीएस या तिघांचं आउटपुट दोन्ही सर्व्हरवरून पाठवलंत तर पार्टिशन कसलं आहे आणि दोन्हीकडे तेच लन आहे का, हे मला लगेच सांगता येईल. बॉक्सचं मॉडेल आणि फर्मवेअरची आवृत्तीही लिहा, रिझर्व्हेशनचं त्यावर ठरेल.